वर्षाचा महोत्सव आणि महिन्याची बैठक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्याची दखल सर्वत्र घेतली गेली. नकली मालाला आळा बसेल, कारागिरांच्या हातात चार पैसे जास्त पडतील, बाहेरगावची मागणी वाढेल, ही सगळी चर्चा रास्तच होती. मात्र त्या चर्चेत एक प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. सतारमेकर गल्लीत तयार झालेला तंबोरा खुद्द सांगली-मिरजेत, समोर श्रोते बसलेले असताना, वर्षातून किती वेळा छेडला जातो? वाद्य इथे घडते आणि ऐकले जाते पुण्या-मुंबईत, धारवाडात, नाहीतर सातासमुद्रापार, ही स्थिती आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की तिच्यात काही चुकते आहे असेही आता वाटत नाही. त्यावर एक व्यवहारी सूचना करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपल्या जुळ्या शहरांत शास्त्रीय संगीताची एक छोटी बैठक दर महिन्याला, ठरल्या वारी, ठरल्या वेळी आणि श्रोत्यांच्या स्वतःच्या वर्गणीवर सुरू व्हावी, अशी ती सूचना आहे. घरगुती बैठकी आजही अधूनमधून होतात, त्या करणाऱ्या हौशी मंडळींबद्दल मला आदर आहे. परंतु त्यांचे निमंत्रण ओळखीच्या माणसांपलीकडे जात नाही आणि पुढची बैठक केव्हा हे यजमानालाही ठाऊक नसते.

इतिहासाची उजळणी आपल्याकडे गरजेपेक्षा अधिकच होते, म्हणून मुद्द्यापुरतेच सांगतो. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत विद्या देत होते, म्हणून कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर इथे शिकले. त्यांची तालीम मिरज संस्थानच्या आश्रयाने झाली. पण १८९६ साली मिरज सोडल्यानंतर त्यांनी जन्मभर जे केले ते त्या आश्रयाच्या बरोबर उलट दिशेचे होते. गाणे त्यांनी वाड्यातून बाहेर काढले, तिकीट लावून जाहीर मैफली करण्याची वाट पाडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला काढलेले गांधर्व महाविद्यालय एखाद्या राजाच्या खजिन्यावर विसंबून न राहता लोकांच्या पैशावर चालवून दाखवले. पुढे मिरजेतच १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर या तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या अगदी पहिल्या गायिकांपैकी एक ठरल्या, आणि तेही कुलीन घरातील बाईने चारचौघांत गाणे हा चर्चेचा विषय असण्याच्या काळात. म्हणजे ‘गाणे ऐकायचे असेल तर श्रोत्याने आपल्या खिशात हात घालावा’ हा विचार ज्यांनी देशभर नेला त्यांच्यापैकी दोघांची मुळे मिरजेत आहेत. आज त्याच मिरजेत गाण्याच्या कार्यक्रमाची वार्ता कानी पडली की आपला पहिला प्रश्न ‘पास कुणाकडे मिळतील?’ हा असतो.

इथे एक गैरसमज होऊ नये म्हणून लगेच स्पष्ट करतो. उरसाच्या निमित्ताने मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीची जी संगीत सभा होते, किंवा नवरात्रात अंबाबाईच्या देवळात जो संगीत महोत्सव होतो, त्यांना तिकीट लावा असे सुचवणे मला शोभणार नाही. तिथे कलावंत हजेरी लावायला येतो, बिदागीचा विचार त्याच्या मनात दुय्यम असतो, आणि समोर बसलेल्या माणसातही श्रोत्याइतकाच भाविक असतो. किराणा घराण्याचे खाँसाहेब १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असताना सिंगपेरुमाळ कोविलच्या स्थानकावर निवर्तले आणि त्यांचा देह मिरजेला आणून दर्ग्याच्या परिसरात दफन केला गेला; त्या जागेवर गाणाऱ्याचा कंठ जसा दाटतो तसा तो कुठल्याही वातानुकूलित नाट्यगृहात दाटणार नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात औंधला आश्विन वद्य पंचमीला अंतूबुवा जोशींच्या परंपरेतील जो महोत्सव होतो, तोही याच जातीचा. खटाव तालुक्यातल्या त्या गावी दुरून माणसे मुद्दाम येतात आणि रात्र काढतात. हे सारे उत्सव आहेत तसेच राहावेत.

परंतु उत्सवातून श्रोता घडत नाही. फार तर घडलेला श्रोता उत्सवाला येतो. वर्षातून एकदा भेटलेल्या शेजाऱ्याचे नाव पुढच्या वर्षी आठवत नाही. मागच्या वेळी ऐकलेला पूरिया राग आणि यंदाचा मारवा यांच्यामध्ये बारा महिने गेले की दोहोंतला फरक कानाला कसा कळावा? सवाई गंधर्वांच्या स्मृतीचा पुण्याचा महोत्सव १९५३ मध्ये सुरू झाला आणि पुढे एवढा वाढला, हे आपण कौतुकाने सांगतो. पण त्याआधी कितीतरी वर्षे पुण्यात भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली काढलेला भारत गायन समाज होता, वाड्यावाड्यांतून बैठकी होत होत्या आणि त्यांतून कान तयार झालेली माणसे पुढे मांडवात येऊन बसली, हे सांगायचे राहून जाते. आपल्या हाकेच्या अंतरावर, कोल्हापुरात, गायन समाज देवल क्लब १८८३ पासून आहे. चेन्नईच्या डिसेंबरातील हंगामाचे नाव आपण ऐकतो. त्या हंगामाचा पाया म्हणजे तिथल्या सभा, ज्यांचे सभासद वर्षाची वर्गणी भरतात आणि हंगाम नसतानाही महिन्याचे कार्यक्रम ऐकतात. १९२८ साली स्थापन झालेली म्युझिक अॅकॅडमी ही त्यांतली सर्वांत नामांकित, पण तिच्याखेरीज पेठेपेठेतून कितीतरी लहान सभा आहेत आणि खरा श्रोता तिथे वाढतो. कळस सगळ्यांना दिसतो म्हणून आपण दरवेळी कळसापासूनच बांधकामाला सुरुवात करतो, असे आपले काहीसे झाले आहे.

बैठक छोटी असावी हा माझा आग्रह काटकसरीपोटी नाही. आठशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात ऐंशी माणसे बसली की आयोजक खजील होतो, गायकाचे मन पहिल्या आलापातच खट्टू होते आणि आलेल्या माणसाला आपण चुकीच्या ठिकाणी आलो की काय असे वाटू लागते. तीच ऐंशी माणसे एखाद्या शाळेच्या किंवा वाचनालयाच्या सभागृहात सतरंजीवर दाटीवाटीने बसली की दाराशी चपलांचा ढीग पडतो, मागच्या भिंतीला टेकून चार-दोन उभी राहतात आणि उशिरा आलेला परत जाताना म्हणतो, ‘पुढच्या वेळी लवकर यायला पाहिजे.’ हे वाक्य ज्या दिवशी सांगलीत ऐकू येईल त्या दिवशी बैठक रुजली असे खुशाल समजावे.

छोट्या खोलीचे दुसरे कारण नादाचे आहे आणि ते मिरजकरांना तरी समजावून सांगण्याची गरज पडू नये. जवारी काढणाऱ्या, म्हणजे तारांचा नाद खुलवणाऱ्या, कारागिराजवळ कधी तासभर बसून पाहावे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला नखाएवढाही म्हणता येणार नाही असा उतार असतो. कारागीर तारा उतरवून त्या माथ्यावरून कानस हलकेच एकदा-दोनदा फिरवतो, भुकटी फुंकून टाकतो, तारा पुन्हा चढवतो, छेडतो, मान तिरकी करून ऐकतो आणि काही न बोलता परत तारा उतरवतो. हा खेळ कितीतरी वेळ चालतो. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवायला घेतला की एका नेमक्या जागी, आतापर्यंत मुकी वाटणारी तार, एकाएकी बोलू लागते आणि खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराच्या, तारेतून, जो कोणी वाजवलेलाच नाही तो गंधार, म्हणजे ‘ग’ हा स्वर, आपोआप उमटतो. त्या स्वयंभू गंधारावर किराण्याच्या गायकीचे सारे सुरेलपण उभे आहे. तो गंधार खोलीत दहा-पंधरा हातांवर बसलेल्याला ऐकू येतो. मैदानात उभ्या केलेल्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून तो ऐकू येत नाही. तिथे तंबोरा म्हणजे पार्श्वभूमीची एक गुणगुण उरते, आणि ती गुणगुण मोबाइलमधूनही काढता येत असल्याने मोबाइल तंबोऱ्याच्या जागी येऊन बसला आहे. प्रवासात भोपळा फुटतो, विमान कंपनीवाले वाद्य सामानात टाकायला लावतात, या कलावंतांच्या अडचणी खऱ्या आहेत. पण निदान मिरजेत गायला आलेल्या गायकावर फोन समोर ठेवून स्वर लावण्याची वेळ यावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

म्हणून बैठकीचा पहिला नियम असा असावा की दोन जुळवलेले तंबोरे आणि शक्यतो ध्वनिवर्धक नाही. तंबोरे कारागिरांनी त्या संध्याकाळपुरते द्यावेत आणि सुरुवातीला निवेदकाने गायकाचे, तबलजीचे, संवादिनीवाल्याचे नाव सांगताना तंबोरे कोणत्या हाताने घडवले तेही सांगावे. फरीदसाहेबांपासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, ज्या शिकलगार घराण्यांनी शस्त्रे घडवण्याचे सोडून वाद्ये घडवायला घेतली, त्यांच्या आजच्या पिढीतील माणसाचे नाव मैफलीत उच्चारले गेलेले आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? सत्कार समारंभाला शाल देण्यापेक्षा, तो समोर पहिल्या ओळीत बसलेला असताना त्याचे वाद्य वाजणे त्याला अधिक आवडेल असे मला वाटते. शिवाय भोपळा कुठून आला, तुणीच्या लाकडाची दांडी का करतात, हे कुतूहलाने विचारणारी माणसे बैठकीनंतर त्याच्याभोवती आपसूक जमतील. लोक एकमेकांशी बोलू लागतात ते अशा निमित्तांनी.

ध्वनिवर्धक नको म्हणण्यात आणखी एक लाभ दडलेला आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, आणि रुग्णालयांनी भरलेल्या मिरजेत तर हा नियम हवाच हवा. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला आहे की उघड्या मांडवातल्या मैफली दहाच्या आत संपवाव्या लागतात आणि रात्रीच्या उत्तर प्रहराचे राग गायचेच राहून जातात. सहाला सुरू होऊन पावणेदहाला भैरवीने संपणाऱ्या कार्यक्रमात मारुबिहाग, बागेश्री यांच्या पुढे जायला सवडच मिळत नाही. दरबारी किंवा मालकंस घाईने उरकले जातात, आणि अडाणा, शहाणा, नायकी कानडा यांची नावे फक्त परीक्षेच्या अभ्यासक्रमात उरली आहेत. बंद खोलीत, विजेच्या मदतीशिवाय, दीडशे हातांपलीकडे आवाज जाणार नाही अशी बैठक रात्री साडेनऊला सुरू झाली तरी शेजारी तक्रार करणार नाहीत. वर्षातून दोन बैठकी अशा रात्रीच्या ठेवाव्यात आणि दोन रविवारी भल्या सकाळी साडेसहाला. तोडी, ललत, अहिरभैरव हे राग त्यांच्या वेळेला ऐकण्याची संधी आपल्या पिढीला रेडिओने दिली होती. आताच्या विशीतल्या मुलांना ती जवळजवळ मिळालेलीच नाही. दुपारी चारचा भीमपलास आणि त्याच्या मागून येणारा मुलतानी हा तर मोठाच दुर्मीळ मामला. उरलेल्या बैठकी मात्र साडेपाच ते आठ अशाच असाव्यात, कारण महिलांना, विद्यार्थ्यांना आणि ज्येष्ठांना शहर बसने सांगलीहून मिरजेला किंवा मिरजेहून सांगलीला सुखरूप घरी परतता आले नाही तर सगळ्या रसिकतेवर पाणी पडते.

आता पैशाचे बोलतो, कारण इथे येऊन अशा सगळ्या योजना थांबतात. समजा शंभर सभासदांनी वर्षाचे बाराशे रुपये भरले. एक लाख वीस हजार झाले. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाखालची पाण्याची पातळी विचारण्यात आपला जीव अडकलेला असतो आणि मे महिन्यात निम्मे गाव परगावी असते, तेव्हा ते दोन महिने सोडून दहा बैठकी धराव्यात. म्हणजे एका बैठकीला बारा हजार. सभागृहाचे नाममात्र भाडे आणि चहा वगळता बाकी सर्व कलावंत व साथीदार यांच्यात जावे. शाल, श्रीफळ, फलक, स्मृतिचिन्ह यांवर एक रुपयाही खर्च होऊ नये. सभासद नसलेल्यांनी दारात दीडशे रुपये द्यावेत, विद्यार्थ्यांना आत फुकट घ्यावे, पण सतरंज्या घालणे आणि शेवटी त्या गुंडाळणे हे काम त्यांचे. जमाखर्चाचा कागद दर वेळी दारालाच चिकटवावा. संस्था फुटतात त्या बहुधा मतभेदांनी नव्हे, न दाखवलेल्या हिशेबांनी. बारा हजारांत कोणी मोठ्या नावाचा कलावंत येणार नाही हे उघड आहे आणि पहिली काही वर्षे तो बोलावूही नये. मोठ्या नावासाठी येणारा श्रोता त्या नावाबरोबरच निघून जातो.

या पैशात कोण येईल, तर पुणे, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड येथे पंचवीस-तिशीचे, पंधरा वर्षे तालीम घेतलेले आणि गायला जागा नसलेले गायक-वादक. त्यांना शंभर जाणत्या कानांसमोर सव्वादोन तास मिळणे याची किंमत मानधनाइतकीच असते. मिरजेची भौगोलिक जागा याला किती सोयीची आहे, पाहा. पुण्याहून बेळगाव, धारवाड, हुबळीकडे जाणारी रेल्वे मिरजेवरून जाते, कोल्हापूरचा आणि पंढरपूरचा फाटा इथूनच फुटतो. उत्तरेकडची आणि कर्नाटकातली गायकी या जंक्शनवर एकमेकींना ओलांडून जात असत, आणि इथे मुक्काम पडत असत, याला दर्ग्याइतकेच रेल्वेचेही कारण आहे. आज सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव येथील हौशी मंडळींनी एकमेकांना तारखा कळवून शुक्रवार, शनिवार, रविवार अशी साखळी जमवली तर धारवाडहून निघालेल्या कलावंताला एका तिकिटात तीन बैठकी मिळतील आणि प्रत्येक गावाचा प्रवासखर्च तिसऱ्या हिश्श्यावर येईल. यासाठी महामंडळ किंवा महासंघ काढू नये, ही हात जोडून विनंती. तो निघाला की अध्यक्ष कोण यावर पहिली दोन वर्षे जातील. पाच जणांनी एकमेकांचे फोन उचलले तरी पुरे.

श्रोते कुठून आणायचे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझ्या मते ते आपल्याकडे आहेत, पण कोणी त्यांना बोलावलेले नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत, आपल्या जिल्ह्यातून किती मुले-मुली बसतात ते कोणत्याही परीक्षा केंद्राबाहेर त्या सकाळी उभे राहून पाहावे. मांडीवर वही, वहीत वादी-संवादी, आरोह-अवरोह, पकड. पालक बाहेर झाडाखाली. यांतल्या बहुतेक मुलांनी समोर बसून पूर्ण लांबीचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल एकदाही ऐकलेला नसतो. पोहण्याची लेखी परीक्षा देण्यासारखेच हे, आणि याला मुले जबाबदार नाहीत. संगीत शिक्षकांनी मनावर घेऊन दर बैठकीला आपल्या दोन विद्यार्थ्यांना मागे तंबोऱ्यावर बसवले, तर ती दोन मुले, त्यांचे आई-वडील, आजी आणि बहुधा शेजारची एक मैत्रीण, एवढी माणसे त्या दिवशी नक्की येतील. त्यांतले निम्मे पुढच्या वेळी परत आले तरी वर्षाअखेरीस चित्र वेगळे दिसेल. गायकामागे शिष्याने तंबोरा धरणे ही जुनी शिकवणीच आहे. दोन तास मान खाली घालून जोडाच्या तारा छेडताना गायकाचा श्वास कुठे तुटतो आणि समेवर येण्याआधी तबलजी कुणाकडे पाहतो हे जे कळते, ते पुस्तकात नाही.

नव्या माणसाला मात्र सांभाळून घ्यावे लागेल आणि यात आपण जुने श्रोते कमी पडतो, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. कोणी चुकीच्या जागी टाळी वाजवली की पहिल्या रांगेतून माना वळतात. मध्यंतरात एखाद्या तरुणाने ‘हा राग कोणता होता?’ असे विचारले तर उत्तराआधी एक हसू मिळते. ज्याला दोनदा असे हसू मिळाले तो तिसऱ्यांदा येत नाही, आणि मग आपण ‘तरुण पिढीला गोडी नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतो. बैठकीच्या दारातच फळ्यावर खडूने रागाचे नाव, ताल आणि बंदिशीचे बोल लिहून ठेवावेत. कलावंताने वाटल्यास दोन वाक्ये बोलावीत, व्याख्यान नको. खुर्च्या ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी ठेवाव्यात, ज्यांचा मान मोठा त्यांच्यासाठी नव्हे.

आणि जागा फिरती असावी. शास्त्रीय संगीत हे ठरावीक पेठांतले, ठरावीक आडनावांचे, असा जो समज आपल्या शहरांत आहे तो निराधार आहे असे म्हणण्याची माझी हिंमत होत नाही. ज्या गायकीचे उस्ताद दर्ग्यात झोपले आहेत आणि ज्या वाद्यांचे कारागीर मुस्लिम आहेत, त्या संगीताच्या मैफलीला सतारमेकर गल्लीतली पाच माणसेही नसतात, ही गोष्ट कोणाच्या तरी डोळ्यांत खुपायला हवी. एक बैठक सांगलीच्या गावभागात झाली तर पुढची मिरजेत सतारमेकर गल्लीच्या लगत, मग विश्रामबागेत, मग कुपवाडच्या एखाद्या शाळेत आणि एखादी तासगावला व्हावी. संगीत नाटकाचा श्रोता सांगलीत आजही आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ इथे केले आणि हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी नाट्यपदांना जे घरगुती वळण दिले, त्याचा हा वारसा आहे. हा श्रोता पद म्हटले की येतो आणि ख्याल म्हटले की बिचकतो. त्याच्यासाठी वर्षातून एकदा, एखादे नाट्यपद आणि ते ज्या रागात बांधले आहे तो राग अशी बैठक ठेवली, तर तो उंबरठा त्याला वाटतो तेवढा उंच नाही हे त्याचे त्यालाच कळेल.

कार्यक्रम वेळेवर सुरू होणे ही मागणी वरवर किरकोळ वाटेल, पण माझ्या अनुभवात श्रोता तुटण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे. गावाचे आणि संस्थेचे नाव लिहिण्यात हशील नाही. पण प्रमुख पाहुणे यायचे म्हणून सव्वा तास खोळंबलेली, मग दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, सत्काराला उत्तर आणि आभार यांत आणखी एक तास गेलेली आणि शेवटी गायिकेला ‘चाळीस मिनिटांत आटपा’ असे कानात सांगितलेली मैफल मी ऐकलेली आहे. तिने वेळेअभावी विलंबित सोडून थेट मध्यलय घेतली आणि तरीही सुंदर गायली, हा तिचा मोठेपणा. पण बाहेर पडताना एक गृहस्थ पत्नीला म्हणत होते, ‘गाणं बरं होतं, पण भाषणं फार लांबली.’ ते जोडपे पुन्हा कधी दिसले नाही. बैठकीत दिवा आधी लावलेला असावा, तंबोरे आधी जुळलेले असावेत, साडेपाच म्हणजे साडेपाच. लोकप्रतिनिधींनी यावे, जरूर यावे, पण तिकीट काढून आणि सतरंजीवर.

समाजमाध्यमांवर गट करावा का, असेही कोणी विचारील. करावा, पण त्यात फक्त संचालकांनाच लिहिता येईल अशी सोय ठेवून महिन्यातून दोनच निरोप जावेत, एक तारखेचा आणि एक आदल्या दिवशीच्या आठवणीचा. सुप्रभाताची फुले आणि निधनवार्ता यांच्या गर्दीत बैठकीची तारीख हरवली की त्या गटाचा उपयोग संपला. ध्वनिमुद्रण संस्थेने स्वतःच्या नोंदीसाठी एक करावे. समोर फोन उंच धरून चित्रण करणाऱ्यांना नम्रपणे थांबवावे, कारण मागच्या माणसाला गायकाऐवजी फोनचा पडदा दिसतो.

आता, संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणे आहे. आपल्या दैनिकात संगीताच्या कार्यक्रमांची बातमी येते, आणि छायाचित्रासह येते. पण ती कार्यक्रम झाल्यावर तिसऱ्या दिवशी येते. त्यात दीपप्रज्वलन करणाऱ्या सात जणांची नावे, डावीकडून उजवीकडे, बिनचूक असतात आणि गायकाने काय गायले ते नसते. ज्याला जायचे होते त्याला ते वाचून हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही. पूर्वी वृत्तपत्रांत ‘आजचे कार्यक्रम’ असे एक छोटे सदर असे. कीर्तन, व्याख्यान, भजन, गायन, सगळे दोन-दोन ओळींत. ते सदर पुन्हा सुरू करता आले तर आमच्यासारख्यांचे निम्मे काम आपोआप होईल. निदान शास्त्रीय संगीताच्या बैठकींसाठी दर गुरुवारी स्थानिक पानावर चार ओळींची जागा मिळावी: कोण, साथीला कोण, कुठे आणि किती वाजता. कार्यक्रमानंतरचे वृत्त द्यायचेच असेल तर ते शेवटपर्यंत बसलेल्या माणसाकडून लिहून घ्यावे आणि त्यात राग, बंदिश, ताल आणि तंबोरा घडवणाऱ्याचे नाव असावे. हे काम विनामोबदला करून देणारे दोन-तीन जाणकार मला ठाऊक आहेत.

सभागृहाबाबत दोन शाळांच्या विश्वस्तांशी आमच्यापैकी काही जणांचे प्राथमिक बोलणे झाले असून नवरात्रानंतरच्या महिन्यातला दुसरा शनिवार पहिल्या बैठकीसाठी मनात आहे. आपल्या वाचकांपैकी ज्यांना सभासद व्हायचे असेल, तंबोरा द्यायचा असेल, किंवा घरात पडून असलेल्या चार सतरंज्या द्यायच्या असतील, त्यांची पत्रे आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर स्वीकारून ती आमच्याकडे पोहोचवण्याची व्यवस्था झाल्यास आम्ही आभारी राहू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक श्रोता, मिरज